टणक चकत्या

आमच्या घरातली पहिली बंदूक आबांच्या पलंगाच्या पायापासून झाली.

आबा म्हणजे माझे सासरे, चांगदेव. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि महू सोडून आमच्याकडे राजेंद्रनगरला राहायला आले, तेव्हा सोबत एक ट्रंक आणि तो सागवानी पलंग एवढंच सामान होतं. ज्या दिवशी माझी मुलगी मैत्री एनसीसीच्या कॅम्पहून घरी येऊन म्हणाली, "मला शॉटगन शिकायची आहे," त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी पलंगाचा एक पाय उपसला. त्याला पाण्याच्या पाइपाचा तुकडा जोडला, पाइपात वाळू भरली, काट्यावर वजन केलं आणि म्हणाले, "साडेतीन किलो. बरोबर बंदुकीइतकी. घे."

त्या दिवसापासून पलंगाच्या चौथ्या कोपऱ्याखाली विटा होत्या. आबांनी कूस बदलली की विटा करकरायच्या.

मी विरोध केला होता, हे कबूल करते. मी यशोधरा, पीथमपूरच्या एका औषधाच्या कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या उजेडात धरायच्या, आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या पाटीसमोर, आणि आत केसाएवढा कण तरंगत असला तरी कुपी बाजूला काढायची. बारा वर्षं हेच करते आहे. या कामाने माणसाचा स्वभाव बनतो की असा स्वभाव असलेलं माणूसच या कामात टिकतं, कोण जाणे. मैत्रीचा जन्म झाला तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. फायनलचा पेपर लिहिताना बाहेर सासूबाईंच्या मांडीवर ती रडतेय असं मला तीन तास वाटत होतं. बाहेर आले तर ती झोपलेली. ते तीन तास अजून संपलेले नाहीत, असं ज्ञानदीप म्हणतो. ज्ञानदीप माझा नवरा, वीज कंपनीच्या ऑफिसात आहे. त्याला चिडवायला फार आवडतं.

"बंदुकीचा आवाज किती असतो माहितेय का?" मी विचारलं होतं.

"कानात बोळे घालते ती, यशो," आबा म्हणाले.

"आणि खांद्याला धक्का बसतो त्याचं काय?"

"उशी घालते."

"आणि..."

"आणि तू सोबत असतेसच," ज्ञानदीप म्हणाला. "तू असताना काही व्हायची हिंमत आहे का?"

असं मला तिच्यासोबत जावं लागलं. म्हणजे मीच गेले. मला कोणी पाठवलं नव्हतं.

रेंज सिमरोलच्या पुढे होती, अरुंधती मॅडमच्या शेतात. मॅडम साठीच्या, तरुणपणी राज्याकडून खेळलेल्या. त्या कॅम्पमध्ये त्यांनी प्रत्येक मुलीला दोन-दोन गोळ्या झाडू दिल्या होत्या. बाकीच्या मुली किंचाळल्या. मैत्रीने दोन्ही चकत्या फोडल्या आणि विचारलं, "मॅडम, अजून आहेत का?" त्यावर मॅडमनी स्वतः घरी फोन केला होता. "यशोधराजी, तुमच्या मुलीची नजर सोन्याची आहे. पाठवा तिला. बंदूक माझी, परवाना माझा, शिकवणं फुकट. फक्त काडतूस आणि चकती तुमची."

फक्त काडतूस आणि चकती! ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते: या खेळात एक चकती, साधारण बशीएवढी, यंत्रातून हवेत उडते. "पुल!" असं ओरडायचं, ती उडाली की तिच्या मागे बंदूक फिरवायची आणि खाली पडायच्या आत फोडायची. एका डावात पंचवीस. चकती फुटली तर गेली, न फुटता आपटली तरी गेली. काडतूस तर जाणारच. मोठ्या घरची मुलं सकाळी सकाळी शंभर-शंभर झाडून जायची. आमच्या वाट्याला आठवड्याला पंचवीस. तेही मी ओव्हरटाइम केला आणि ज्ञानदीपने त्याचं जिम सोडलं म्हणून. जिमला तो तसाही जात नव्हता.

म्हणून घरी सगळा सराव लाकडी बंदुकीचा. पाइपाच्या तोंडाशी टॉर्च बांधला होता. भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेघेवरून उजेडाचा ठिपका न हलता फिरवायचा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दिवसाला दोनशे वेळा. संध्याकाळी गच्चीवर कबुतरं. आठवड्याभरात कबुतरांनाही कळलं की ही काही करत नाही, मग ती उडेचनात. आबा टाळ्या वाजवून त्यांना उडवायचे. शेजारच्या मंगलाकाकूंनी एकदा पापड वाळत घालता घालता वर पाहिलं, तर मैत्रीचा नेम थेट त्यांच्या डोक्यावरून फिरत होता.

"काय गं ए! माझे पापड मारतेस की मला?"

"कबुतर आहे काकू, तुमच्या मागे!"

"मग मार की त्याला! रोज येऊन चोच मारतंय मेलं पापडात!"

आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली होती, आणि ती मैत्रीनेच ठरवली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी भोपाळला निवड चाचणी होती. निवड झाली तर राहणं, बंदूक, काडतुसं, सगळं अकादमीचं. नाही झाली तर हा खेळ बंद. "तुमच्याच्याने याहून जास्त होणार नाही, मला दिसतं," ती म्हणाली होती. चौदा वर्षांच्या मुलीला असं काही दिसावं याचं मला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

तेव्हाच माझ्या डोक्यात चकतीची कल्पना आली.

काडतुसात काटकसर करता येत नाही. चकतीत करता येईल. विकतच्या चार चकत्यांच्या पैशांत एक काडतूस येतं. मातीची चकती तर आपला कुंभारही करेल! पीथमपूरच्या रस्त्यावर, कंपनीची बस थांबते तिथे, बंटी प्रजापतचं दुकान आहे. माणूस गौतमपुऱ्याचा. दिवाळी होऊन गेली होती, त्याला कामही कमी होतं. मी मॅडमकडून एक चकती मागून नेली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"ये क्या है दीदी? दिया उल्टा कर दिया?"

"इसको हवा में उडाते हैं और बंदूक से मारते हैं."

बंटीने चकती फिरवून पाहिली. "हमारे गौतमपुरा में तो भिया, हिंगोट में जलता हुआ गोला एक-दूसरे पे फेंकते हैं. आदमी ही टारगेट है. आप लोग शरीफ हो, मिट्टी पे मार रिये हो." मग म्हणाला, "बन जाएगी. कितनी?"

मी पन्नास सांगितल्या. आठ दिवसांनी घ्यायला गेले आणि घेताना आईने शिकवलं होतं तेच केलं. माठ घेताना, कुंडी घेताना, साधी पणती घेताना आपण काय करतो? बोटाच्या पेराने वाजवून बघतो. टणटण वाजलं तर पक्कं, डब वाजलं तर कच्चं. मी तिथे उकिडवी बसून पन्नासच्या पन्नास चकत्या कानाशी धरून वाजवल्या. वीस डब निघाल्या. त्या बाजूला सारल्या.

"दीदी, आप तो सोना खरीद रिये हो जैसे," बंटी म्हणाला, पण त्यालाही आवडलं होतं. "जो छाँटी है ना आपने, गाडी चढ जाए तो भी नी टूटे."

मी खूश झाले. तीस चकत्यांच्या मागे मार्करने नंबर टाकले. कारखान्याची सवय.

अरुंधती मॅडमनी त्या पाहून भुवई उचलली. "मातीच्या? यंत्रात नाही घालणार मी, माझं यंत्र बिघडेल. हाताने फेकायचा दांडा आहे जुना, त्याने फेका. आणि एक सांगते, शेतात गहू पेरायचाय, एक तुकडा राहता कामा नये."

"मी स्वतः वेचते," मी म्हणाले.

पहिल्या रविवारी मॅडमचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते. त्या मागे पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय स्टुलावर. आबा एका बाजूला दांडा घेऊन. मध्ये मैत्री, टोपी, चष्मा, कानात बोळे, खांद्यावर माझ्या जुन्या ओढणीची घडी शिवलेलं जॅकेट. आणि मी मॅडमशेजारी, दोन्ही हात कानांवर.

"पुल!"

आबांनी दांडा फिरवला. चकती सुंदर गेली, लालसर, गरगरत. धाड्! माझे डोळे मिटले. दर वेळी मिटतात, काय करू. उघडले तेव्हा चकती आपल्या चालीने खाली चालली होती. अख्खी. कापलेल्या सोयाबीनच्या मऊ मातीत जाऊन बसली.

दुसरी, तिसरी, सातवी, बारावी.

"डोकं उचलतेस, बेटा!" मॅडम मागून ओरडल्या. "गाल लाकडाला चिकटव!"

मैत्रीने गाल चिकटवला. धाड्. अख्खी.

पंचवीस काडतुसं संपली तेव्हा दोन चकत्यांच्या कडा उडाल्या होत्या, बस. मैत्री हसत होती, म्हणजे तोंडाने. "नवीन आहे ना फेकणं, आबांच्या हाताचं. अंदाज येईल."

मी पिशवी घेऊन शेतात गेले आणि चकत्या वेचल्या. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मला थोडं बरंही वाटत होतं. पोरीचं चुकत होतं याचं वाईट वाटतच होतं, पण चकत्या अख्ख्या परत येत होत्या! पुढच्या आठवड्याला नव्या घ्यायला नकोत. आईच्या मनात एकाच वेळी दोन तराजू असतात, ते कुणाला दाखवू नयेत.

दुसऱ्या रविवारी तेच. मॅडम म्हणाल्या, "आता पुढे मारतेस, थोडं मागे घे." तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, "आता मागे पडतेय. उशीर करतेस." खुर्चीतून त्यांना फक्त पाठ दिसत होती, आणि फुटत नव्हती हे दिसत होतं. पोरगी त्या सांगतील तसं बदलत गेली आणि बदलत बदलत तिचा हात अडखळायला लागला. आधी चकती उडाली की बंदूक पाण्यासारखी मागे जायची. आता ती विचार करायची. विचार करताना तिच्या कपाळावर पडणारी आठी मला ओळखीची आहे. माझीच आहे.

तिसऱ्या रविवारी परत येताना स्कूटीवर ती माझ्या पाठीला गाल लावून बसली होती. घरी आल्यावर तिने कोपऱ्यातली लाकडी बंदूक उचलली, टॉर्च सोडवून ज्ञानदीपला दिला आणि बाकीची आबांच्या पलंगावर नेऊन ठेवली.

"आबा, पाय लावून घ्या परत. विटांवर कंबर दुखत असेल तुमची."

"माझी कंबर सियाचीनमध्ये दुखली नाही," आबा म्हणाले. "चाचणीला दोन आठवडे आहेत अजून."

"पंचाहत्तर काडतुसं झाडली मी. फुटल्या किती? चार, त्यांच्याही नुसत्या कडा. तिथे जाऊन मम्मीचे आणखी पैसे घालवायचे? मॅडमची नजर चुकली, आबा. कॅम्पमध्ये लागल्या त्या तुक्का होत्या."

ती आत गेली आणि विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

मी काय करणार? हातांना काम हवं होतं. चकत्यांची पिशवी चिखलाने भरलेली होती, ती मोरीत ओतली आणि घासायला बसले. दुपारचे तीन वाजले होते, मोरीच्या खिडकीतून ऊन थेट दगडावर पडतं त्या वेळी. माती सहज निघत होती. नंबर सातवर मात्र एक डाग निघेना. करडा, मोहरीएवढा. ब्रशने घासला, राखेने घासला. उलट चमकायला लागला.

चमकायला लागला म्हणून मी थांबले.

चकती उन्हात धरली. मग उठून मैत्रीच्या बाबांची काळी छत्री आणली, उघडली, आणि चकती तिच्यासमोर धरली, जशी रोज कुपी धरते. एक नाही, चार डाग होते. तीन एका ओळीत, एक कडेला, आणि त्या कडेजवळ माती टवका उडाल्यासारखी खरवडलेली. नखाने खरवडलं. मऊ, राखाडी, रेघ उमटली. शिसं.

काडतुसात शिशाचे बारीक छर्रे असतात. ते इथे कसे आले असतील? चालत तर आले नसतील!

मी नंबर आठ उचलली. दोन. नंबर नऊ, पाच. नंबर दहा कोरी. अकरा, तीन. मी हसत होते, एकटीच, मोरीत, उघडी छत्री घेऊन. ज्ञानदीप दारात येऊन उभा राहिला.

"घरात छत्री? काय चाललंय?"

"मैत्रीला बोलाव. आबांना बोलाव. त्यांचं भिंग आणायला सांग!"

मैत्री आली. डोळे लाल होते. मी तिच्या हातात नंबर नऊ दिली. "हे काय आहे?"

"चिखल आहे."

"घास."

तिने अंगठ्याने घासलं. मग नखाने. मग तिने चकती नाकाजवळ नेली. आबांनी भिंग मध्ये घातलं आणि बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, ही मेलेली आहे."

"काय?"

"ही चकती मेलेली आहे. पाच गोळ्या छातीवर घेतल्यात हिने. फक्त पडायला तयार नाही!"

मग आम्ही चौघं मोरीत दाटीवाटीने बसलो आणि तीसच्या तीस चकत्या तपासल्या. तपासणं माझ्या रोजच्या कामाचं, पण असा आनंद मला त्या कामात बारा वर्षांत झाला नव्हता. तिसांतल्या फक्त चार कोऱ्या निघाल्या. एकीवर तर इतके डाग होते की ज्ञानदीप म्हणाला, "हिला परमवीर चक्र द्या."

मैत्री हसली. आता तोंडाने नाही, सगळी हसली. आणि हसता हसता एकदम थांबून माझ्याकडे बघितलं.

"मम्मी. या तू वाजवून आणल्या होत्या ना?"

नळाचा थेंब पडला.

"हो," मी म्हणाले.

"टणटण वाजतात त्याच घेतल्यास?"

"हो गं. डब वाजणाऱ्या परत दिल्या."

"किती परत दिल्यास?"

"वीस."

आबा भिंत धरून हसायला लागले. ज्ञानदीप छत्री मिटत म्हणाला, "क्वालिटी पास." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाजेने की हसण्याने ते कळेना, आणि मैत्रीने ओल्या हातांनी मला मिठी मारली तेव्हा तेही कळायची गरज राहिली नाही.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांचं हसणं ऐकायला फोन स्पीकरवर टाकावा लागला.

"अरे यशोधराजी! तुम्ही पोरीला तीन आठवडे तवा मारायला लावलात! खरी चकती दोन छर्रे लागले तरी भुगा होते, फुटावी म्हणूनच तशी बनवतात. आणि मीही काय, खुर्चीत बसून अक्कल शिकवत राहिले. बेटा मैत्री, ऐकतेस ना? मी जे जे सांगितलं ते सगळं विसर. डोकं उचलत नव्हतीस तू. माफ कर म्हातारीला."

"ओके मॅडम," मैत्री म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर धावत जाऊन आबांच्या पलंगावरून आपली बंदूक उचलून आणली.

सोमवारी मी बंटीच्या दुकानात हाजिर. "बंटी भिया, कच्ची चाहिए."

त्याने चाक थांबवलं. "क्या चाहिए?"

"कच्ची. कम पकी हुई. हाथ से गिरे तो टूट जाए, ऐसी."

"दीदी, दुकान पे पिताजी का फोटो लगा है," बंटी म्हणाला. "उनके सामने ऐसी बात मत करो."

अर्धा तास समजावलं. शेवटी मीच म्हणाले, त्या दिवशी मी बाजूला सारलेल्या वीस कुठे आहेत? त्या त्याने मागे कोंबड्यांच्या खुराड्याजवळ रचून ठेवल्या होत्या. मी तिथे पुन्हा उकिडवी बसले आणि पुन्हा सगळ्या वाजवल्या. या वेळी डब वाजली की ठेवायची आणि चुकून टण वाजली की परत. बंटी कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"पच्चीस साल से मिट्टी का काम कर रिया हूँ. पहली बार कोई खराब माल छाँट के ले जा रिया है." पैसे त्याने घेतले नाहीत. "कच्चे के पैसे लूँगा तो पाप लगेगा. पर बिटिया को बोलना, बंटी मामा की इज्जत हवा में उड रई है, एक भी साबुत नीचे नी आना चाहिए."

पुढचा रविवार. चाचणीच्या आधीचा शेवटचा. त्या सकाळी मी एक निश्चय केला होता आणि कुणाला सांगितला नव्हता: डोळे मिटायचे नाहीत. मी मिटले नसते तर कदाचित पहिल्याच दिवशी तो टवका उडालेला मला दिसला असता. बारा वर्षं केसाएवढा कण शोधणारी बाई मी, आणि नेमकं बघायच्या क्षणी डोळे मिटून बसायचे!

"पुल!"

आबांचा दांडा फिरला. चकती निघाली. मैत्रीचे खांदे तिच्यासोबत निघाले, आठी नाही, विचार नाही, छताच्या रेघेवरून टॉर्चचा ठिपका जातो तसे. मी डोळे ताणून धरले, हातांनी पापण्या धरायच्याच काय त्या बाकी होत्या.

धाड्.

आकाशात लाल धूळ झाली. चकती नव्हतीच. जिथे ती होती तिथे मूठभर लाल धुळीचा ढग, आणि तो वाऱ्यावर सरकत सरकत गव्हाच्या वाफ्याकडे निघाला.

आबांनी दांडा खाली टाकला आणि कडक सॅल्यूट ठोकला. मैत्रीने मागे वळून पाहिलं, मग पायाशी पाहिलं, मग पुन्हा आकाशात, जणू चकती कुठे लपली असेल. मॅडम खुर्चीतून उठल्या होत्या. काठीशिवाय.

"मॅडम, गुडघा!" मी ओरडले.

"जाऊ दे गुडघा! अजून एक, चांगदेवजी, अजून एक!"

वीस चकत्यांत सतरा फुटल्या. तुकडे वेचायला मला दोन तास लागले. मॅडम म्हणाल्या राहू द्या, शेतात मातीच पडलीय ना, माती मातीत जाईल. मी तरी वेचले. शब्द दिला होता.

भोपाळला आम्ही तिघी-चौघी पहाटेच्या बसने गेलो: मैत्री, मी, मॅडम, आणि मॅडमची काठी, जिला त्या चौथी म्हणायच्या. सोबत डब्यात पोहे, त्यावर घालायला वेगळ्या पुडीत शेव. रेंज मोठी, हिरवळ कापलेली, मुलांच्या बंदुका अशा पेट्यांमधून निघत होत्या की मॅडमची बंदूक घातलेल्या आबांच्या ट्रंकेला त्यांच्याशेजारी बसायला लाज वाटावी. मैत्रीच्या जॅकेटवर माझी ओढणी दिसत होती, जांभळी, पांढऱ्या ठिपक्यांची. एका मुलीने विचारलं, "ये कौन सा ब्रँड है?" मैत्री म्हणाली, "मम्मी."

पहिली चकती तिची चुकली.

मॅडमनी माझं मनगट धरलं. मैत्रीने मागे पाहिलं नाही. तिने बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढलं, नवं घातलं, आणि मी तिच्या पाठीवरून सांगू शकत होते की कपाळावर आठी नाही. मग मला उमगलं: जी पोरगी पंचाहत्तर वेळा न फुटलेली चकती बघून पुन्हा "पुल" म्हणाली होती, तिला एका न फुटलेल्या चकतीचं काय!

"पुल!"

भगवी चकती, काळा धूर. "पुल!" धूर. "पुल!" या तर खऱ्याच चकत्या, दोन छर्ऱ्यांत विरघळणाऱ्या, आणि ती तव्याला मारायला शिकलेली. मी डोळे एकदाही मिटले नाहीत. पंचवीसपैकी एकवीस.

यादी दुपारी लागली. पत्र्याच्या फलकावर कागद चिकटवला होता, त्याभोवती गर्दी. मी टाचा उंचावून वाचायचा प्रयत्न करत होते, पण खरंच, आयुष्यात पहिल्यांदा मला अक्षरं दिसेनात. मैत्री मुलांमधून वाट काढत पुढे गेली. बोट फिरवत खाली आली. मध्येच थांबली.

मग तिने काय केलं असेल? ओरडली नाही, उडी मारली नाही. कान फलकाजवळ नेला, आपल्या नावावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, डोकं तिरकं करून ऐकलं, हुबेहूब मी माठ घेताना करते तसं, आणि गर्दीवरून माझ्याकडे बघून ओरडली,

"मम्मी! टणटण वाजतंय!"